ज्योत्स्नाताईंचा कडीवाला स्टेटस

सिडकोत, उत्तमनगरला, सकाळी दारोदार रांगोळी पडते. ज्योत्स्नाताईंच्या दारातही पडते, पण त्याआधी त्यांचा स्टेटस पडतो. दूध तापायला ठेवायचं, एका हातानं गॅस बारीक करायचा आणि दुसऱ्या हातानं फोन उचलायचा. आधी वाराप्रमाणे देव. सोमवारी त्र्यंबकराज, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती. बुधवारचा देव कोणता याबद्दल त्यांच्या मनात थोडा गोंधळ आहे, म्हणून बुधवारी त्या सूर्योदय ठेवतात. देव झाले की माणसं. कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस, कुणाच्या नातवाचं बारसं. फोटोभोवती फुलांची चौकट, खाली केक, वर फटाके. आणि माणसं झाली की ब्लाउज.

ज्योत्स्नाताई ब्लाउज शिवतात. तीन मजली सोसायटी, तळमजल्यावरचं घर, पुढच्या खोलीत मशीन. खिडकीला 'ब्लाउज, ड्रेस, पिको-फॉल' अशी पाटी आहे. ती उन्हानं इतकी फिकी पडलीय की 'पिको' तेवढा वाचता येतो. पण त्यानं काही बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक आता पाटी वाचून येत नाही, स्टेटस बघून येतं. शिवून झालेलं ब्लाउज हँगरला लावून कपाटाच्या दारावर अडकवायचं, पाठीमागच्या नॉटची लटकन नीट पुढं काढायची आणि फोटो. त्यावर लिहायचं, 'तुमच्या आवडीचे, तुमच्या मापाचे'.

स्टेटसचे कायदे कुठं लिहिलेले नसले तरी सगळ्या गोतावळ्याला पाठ आहेत. सख्ख्याचा वाढदिवस सकाळी आठच्या आत. चुलत असेल तर दुपारपर्यंत चालतं. फोटोत वाढदिवसवाला एकटा नको, शेजारी आपण पाहिजे, नाहीतर 'हिच्याकडं माझ्यासोबतचा एक फोटो नाही' असं बोलणं ऐकावं लागतं. एकदा नांदगावच्या नणंदेचा, मंगलाताईंचा, लग्नाचा वाढदिवस ठेवायला अकरा वाजले. सव्वाअकराला मंगलाताईंचा आवाज फोनवर येऊन पडला. मंगलाताई आवाज पाठवतात तेव्हाही तो फोनच आहे असं धरून चालतात.

"हॅलो? वहिनी? हॅलो, येतंय का ऐकू?" मग थोडा वेळ उत्तराची वाट. मागं म्हैस. "नाय, म्हटलं, तब्येत बरी हाय ना तुमची? सकाळधरनं बघतेय, बघतेय. म्हटलं फोन बिघडला का काय माझा. ठेवू का मग? हॅलो?"

त्या एका उशिराची भरपाई म्हणून पुढच्या दिवाळीला मंगलाताईंना ब्लाउज फुकट शिवून गेलं.

रात्रीची जेवणं उरकली की हजेरी असे. स्टेटस कुणी कुणी पाहिला त्याची नावं ज्योत्स्नाताई वाचत आणि त्यांचे यजमान शेखरराव ऐकत. शेखरराव अंबडच्या एका कंपनीत मशिनिस्ट. ते स्वतः कधी काही ठेवत नाहीत. कुणी मेलं तरी अंगठा पाठवतात आणि कुणी जन्मलं तरी अंगठाच.

"लंकाबाईंनी पाहिला. चेअरमननी पाहिला. मंगलाताईंनी पाहिला, पण उशिरा. एवढा उशीर का झाला असेल?"

"लाईट गेली असेल."

"रोज बरी जाते."

या सगळ्या हजेरीत एक नाव कधीच नसे. हर्षालीचं. हर्षाली म्हणजे त्यांची लेक, अकरावीला. तिनं आईचा स्टेटस कधी बघितलेला दिसायचा नाही आणि तिचा स्वतःचा स्टेटस तर कधी नसायचाच. ज्योत्स्नाताईंना याची आधी काळजी वाटली, मग त्या काळजीचा त्यांनी अभिमान करून टाकला. माप घेताना तोंडात टाचण्या धरून त्या गिऱ्हाइकाला सांगत, "आमची हर्षाली नाही हो त्यातली. फोन दिलाय, पण स्टेटस नाही की काही नाही. कॉलेज, अभ्यास आणि झोप." गिऱ्हाईक म्हणे, "नशीब काढलंत." ज्योत्स्नाताई टाचणी टोचून म्हणत, "हलू नका."

मार्गशीर्षातल्या एका दुपारी जिया अस्तराचं कापड घेऊन आली. जिया म्हणजे ज्योत्स्नाताईंच्या मैत्रिणीची, निलोफरची, मुलगी आणि हर्षालीची मैत्रीण. जियाच्या वडिलांचं, मुबीनभाईंचं, त्रिमूर्ती चौकात मॅचिंग सेंटर आहे, आणि ज्योत्स्नाताईंचं अस्तर, फॉल, दोरे सगळं तिथूनच येतं. जियानं पिशवी मशीनवर ठेवली, ज्योत्स्नाताईंकडं बघितलं आणि तिला हसूच आवरेना.

"काय गं?"

"काही नाही काकू. कालचा हर्षालीचा स्टेटस आठवला. मी जेवत होते, अहो भाताचं शीत नाकात गेलं माझ्या."

मशीन थांबलं.

"कुठला स्टेटस?"

जियाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागनं जिया जणू आधीच निघून गेली. "तो... जुना होता. म्हणजे गेला तो. चोवीस तासांनी जातोच ना. चला काकू, अम्मी वाट बघतीये." असं म्हणत ती इतक्या घाईनं बाहेर पडली की डाव्या पायातली चप्पल उजव्यात घालून तशीच फरफटत जिन्याकडं गेली आणि मग आपण तळमजल्यावर आहोत हे लक्षात येऊन फाटकाकडं वळली.

ज्योत्स्नाताईंनी फोन उघडला. सगळ्यांचे स्टेटस होते. लंकाबाईंच्या नातीचा नाच होता, चेअरमनचा 'पाणी जपून वापरा' होता, पार एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कुत्र्याचा वाढदिवस होता. हर्षालीचा नव्हता. नेटवर्क नसेल म्हणून त्या खिडकीत जाऊन आल्या. फोन बंद करून चालू केला. मग फोन पालथा ठेवून पुन्हा मशीनवर बसल्या आणि एका बाहीला उलट्या बाजूनं शिलाई मारून बसल्या. त्यांच्या हातून हे सहसा होत नाही.

उसवता उसवता त्यांनी निलोफरला फोन लावला.

"तुला काढलंय गं तिनं," निलोफर म्हणाली. आवाजात आश्चर्य नाही, काही नाही. मागं कुकरची शिट्टी.

"काढलंय म्हणजे? कुठून?"

"यादीतून. त्यात असतं ना, याला दाखव, त्याला नको. मला पण जियानं काढलंय. मालेगावच्या माझ्या जाऊबाई एकदा म्हणाल्या, 'जियाचा नवा ड्रेस छान आहे हां.' मी म्हटलं कुठला ड्रेस? तेव्हा कळलं. जाऊबाईंना काढायचं ती विसरलेली."

"मग तू काय केलंस?"

"मी पण तिला काढलं. आता माझा स्टेटस तिला दिसत नाही."

"मग?"

"मग काय. दोन महिने झाले, तिला अजून कळलंच नाही."

ज्योत्स्नाताईंना हसू आलं नाही. "निलू, जिया माझ्याकडं बघून हसली. स्टेटस आठवला म्हणाली आणि माझ्या तोंडाकडं बघून हसली."

"मग विचार ना पोरीला सरळ."

एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. सरळ विचारायचं म्हणजे काय विचारायचं? 'तू सगळ्यांना दाखवतेस आणि मला का नाही' असं विचारलं की ते रडगाणं होतं. 'तू माझ्यावर हसतेस का' असं विचारलं आणि ती हो म्हणाली तर? पुढच्या खोलीतली ही बाई दिवसभर दुसऱ्यांच्या काखेत टेप घालून उभी असते, दमल्यावर मशीनवरच डोकं टेकून डुलकी काढते, 'रिसेप्शन'ला 'रिशेप्शन' म्हणते. हसण्यासारखं काही कमी नव्हतं. तेच त्यांना टोचत होतं. हसायला जगाची हरकत नव्हती, पण पोरीनं चारचौघांत हसावं आणि आईच्या तोंडावर दार लावून हसावं?

संध्याकाळी हर्षाली आली, जेवली, 'भाजी मस्त झालीय' म्हणाली. ज्योत्स्नाताई 'हं' म्हणाल्या. हर्षाली फोन घेऊन आत गेली, आतून तिचं खुसखुसणं ऐकू आलं, आणि त्या रात्री हजेरी झाली नाही. शेखररावांनी दोनदा विचारलं, "आज नाही का वाचायचं?" तेव्हा 'डोकं दुखतंय' असं उत्तर मिळालं.

ज्योत्स्नाताईंच्या पिढीत सरळ बोलता येत नसेल तर एक उपाय असतो. सुनेला बोलायचं तर लेकीला बोलायचं. हल्ली त्याला स्टेटस म्हणतात. सुविचारांच्या तीन ग्रुपमधून त्यांनी सकाळी योग्य मजकूर शोधला. एक होडीचा होता, पण होडी आणि लेक यांचा मेळ बसेना. एक मेणबत्तीचा होता, तो फारच शोकसभेसारखा वाटला. शेवटी एक सापडला. मावळता सूर्य, एक बंद दार, दारापाशी दव पडलेला गुलाब, आणि वर वळणदार अक्षरात:

'ज्यांच्यासाठी मनाचं दार सताड उघडं ठेवलं, त्यांनीच आतून कडी लावली.'

गुरुवार होता. पण दत्ताच्याही आधी त्यांनी तो ठेवला आणि हजेरीकडं डोळे लावून बसल्या. एरवी नाही, पण आज हर्षाली बघेल. बघितलं की तिला लागेल. लागलं की ती स्वतःहून येईल. असा सगळा बेत.

पहिलं नाव शेखररावांचं आलं. एरवी ते बघून सोडून देतात, पण आज कंपनीच्या चहाच्या सुट्टीत त्यांचा फोन.

"अगं, परवा कडी मी लावली होती. झोपेत लावली. तू मागच्या दारी आहेस हे खरंच माहीत नव्हतं मला. त्याचं एवढं?"

"तुमच्यासाठी नाहीये तो."

"मग कुणासाठी?"

"तुम्ही चहा प्या."

चहा प्यायला सांगितल्यामुळं शेखररावांची खातरीच पटली की तो आपल्यासाठीच आहे. संध्याकाळी येताना त्यांनी न मागता अर्धा किलो जिलेबी आणली.

त्याआधी, सकाळी नऊच्या सुमाराला, दारात चेअरमन उभे. आहेरकाका मूळचे सटाण्याकडचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते पाठ्यपुस्तकासारखं बोलतात, पण मन हललं की अहिराणी वर येते. त्यांच्या हातात गच्चीच्या दाराची किल्ली होती. वर वाळवणं घालून बायका गच्ची घाण करतात म्हणून त्यांनी दाराला कुलूप घातलं होतं.

"ताई, माले बठ्ठं समजनं, सगळं समजलं," ते खाली मान घालून म्हणाले. "स्पष्ट तक्रार केली असती तरी चाललं असतं. दार बंद केलं ते चुकलंच. ही किल्ली. पण तो स्टेटस तेवढा... सोसायटीतल्या सगळ्यांनी पाहिलाय हो."

"काका, अहो तो तुमच्यावर नाही."

"नाही नाही. राहू द्या. तुमचा स्वभाव मला माहीत शे. तुम्ही नाव घेऊन कुणाला बोलणार नाही." आणि किल्ली मशीनवर ठेवून गेले.

ज्योत्स्नाताईंनी हजेरी पाहिली. नावं धो धो येत होती. रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त. हर्षालीचं नव्हतं.

दुपारी लंकाबाई स्वतः आल्या. लंकाबाई हे त्यांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्या आल्या त्या पायरीवरच बसल्या, आत यायला तयार नाहीत. मांडीवर एक कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात, जशी काही शपथ घ्यायलाच ती पिशवी आणली होती.

"ज्योत्स्ना, मी तुला सांगणारच होते गं."

"काय?"

"तुला कळलंय ते. कळल्याशिवाय का तू असा स्टेटस ठेवशील? पोरीनं हट्ट केला. म्हणाली, लग्नाचे ब्लाउज गंगापूर रोडच्या बुटीकमध्येच. मी म्हटलं, अगं माझ्या बाळंतपणाच्या आधीपासून ज्योत्स्ना शिवते. तर म्हणाली, म्हणूनच नको." आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. "तिथं एसी आहे. माप घ्यायला मशीनसारखी एक पोरगी आहे. एक शब्द बोलत नाही गं. आपण उभंच राहायचं. आणि हे बघ काय केलंय बाहीचं."

ज्योत्स्नाताईंना यातलं काहीही माहीत नव्हतं. लंकाबाईंच्या मुलीच्या लग्नाची ब्लाउज आपल्याकडंच येणार म्हणून त्यांनी पुढच्या आठवड्यात जागासुद्धा ठेवली होती. पण आता त्या काय बोलणार? त्यांनी बाही हातात घेतली, पालथी केली, म्हणाल्या, "उसवून द्यावी लागेल." लंकाबाईंना वाटलं, हिनं माफ केलं. त्या पिशवी तिथंच ठेवून गेल्या. पिशवीत बुटीकची बिघडलेली ब्लाउज होती आणि वर पैठणीचं एक न शिवलेलं ब्लाउजपीसही होतं. ज्योत्स्नाताईंनी सगळं काढून मागच्या कपड्यांच्या ढिगावर ठेवलं.

मंगलाताईंचा आवाज यायला तीन वाजले. या वेळी 'हॅलो'सुद्धा नाही. आधी नाक ओढल्याचा आवाज, मग: "वहिनी... मला म्हायती होतं, कधी ना कधी निघंल हे. आईच्या पाटल्यांवरनं मी बोलले, ते तुमच्या कानावर गेलं ना? रागात बोलले हो. मनात काय नाय माझ्या. दार म्हणू नका. कडी म्हणू नका. लय लागलं. भाकर जाईना." मग खूप वेळ नुसता चुलीच्या धुरानं लागावा तसा खोकला. "हॅलो?"

मंगलाताई पाटल्यांवरून काही बोलल्या होत्या हेही ज्योत्स्नाताईंना आत्ताच कळलं.

एका दिवसात एका गुलाबानं एवढं मिळवून दिलं. गच्ची उघडली, जिलेबीची सोय झाली, पैठणी आली, नणंद वाकली. फक्त जिच्यासाठी दार लिहिलं होतं तिनं दाराकडं बघितलंसुद्धा नव्हतं.

हर्षाली साडेचारला आली. सॅक खुर्चीवर टाकली, पाणी प्यायली आणि आईसमोर येऊन उभी राहिली.

"आई, मंगलाआत्यांनी मला फोन केला. मधल्या सुट्टीत. रडत होत्या. म्हणे वहिनीला सांग माझं चुकलं. काय ठेवलंयस तू?"

"तुला दिसलं नाही?"

"नाही."

"का नाही?"

"तुझा स्टेटस मी म्यूट केलाय ना."

"म्हणजे?"

"म्हणजे येतो, पण मला दिसत नाही."

"माझा तुला दिसत नाही. तुझा मला दिसत नाही. घरात दिसतो एकमेकींना, हेच नशीब म्हणायचं."

हर्षालीनं हात पुढं केला. आईनं फोन दिला. हर्षालीनं दार पाहिलं, गुलाब पाहिला, कडी वाचली. वाचताना तिचे ओठ हसायला आले होते, ते तिनं दाताखाली धरले.

"कुणासाठी आहे हा?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?" आता हर्षाली खुर्चीवर, सॅकवरच बसली. "मला सांगायचंय आणि तू आहेरकाकांना, लंकामावशींना, सगळ्या नांदगावला सांगितलंस? आणि मलाच नाही?"

"तू तरी काय केलंस? सगळ्या कॉलेजला दाखवतेस..."

"सगळ्या कॉलेजला नाही! आम्ही जेमतेम पंधरा-वीस जण आहोत. नीट निवडून घेतलेत. मी सातवीत असताना तू माझ्या कांजिण्यांचा फोटो ठेवला होतास. 'लेक आजारी आहे, प्रार्थना करा.' अंगभर फोड आणि कडुलिंबाचा पाला. लोकांनी प्रार्थना नाही केली, आई. लोकांनी तो जपून ठेवला. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तो अजून बाहेर निघतो."

"काळजीनं ठेवला होता."

"माहितीये."

बाहेर भाजीवाला 'मेथी, पालक, कोथमीर' असं एका दमात ओरडत गेला. ज्योत्स्नाताईंनी मशीनवरच्या अस्तराची घडी केली, मोडली, पुन्हा केली. मग विचारायचं होतं ते विचारलं.

"जिया माझ्याकडं बघून हसली. तू माझ्यावर ठेवतेस का काही?"

हर्षाली लगेच 'नाही' म्हणाली नाही. "ठेवते."

"दाखव."

"गेला तो. चोवीस तास झाले."

"गेला? जपून नाही ठेवलास?"

"कशाला जपायचा? झाला की गेला." मग आईच्या चेहऱ्याकडं बघून ती उठली. "थांब. करून दाखवते."

तिनं मशीनवरचा टेप गळ्यात टाकला. एक पाय जरा तिरका ठेवला, ओठ आत ओढून त्यात नसलेल्या टाचण्या धरल्या, आणि ज्योत्स्नाताईंच्या अंगावर काटा आला, कारण समोर ज्योत्स्नाताईच उभ्या होत्या.

"हात वर. हं. श्वास घ्या. अहो सोडा की आता, कोंडून कशाला धरलाय, जीव जाईल." मग झटकन बाजूला सरून, पोट आत ओढून, गिऱ्हाइकाचा लाडिक आवाज: "ज्योत्स्ना, मागच्या वेळचंच माप धर गं. मी काही वाढले नाहीये." पुन्हा टेप. पुन्हा टाचण्या. टेपची टोकं मागं एकमेकांना भिडवायला दोन्ही हात ताणलेले, पण चेहरा अगदी देवळातल्यासारखा शांत. "नाही हो, तुम्ही कुठं वाढलात. कपडा आटला तुमचा. हल्लीची कापडंच अशी. दोन धुण्यात आटतात मेली." आणि आकडा तोंडानं न बोलता, गिऱ्हाइकाकडं पाठ करून, खडूनं हळूच कापडाच्या कोपऱ्यात लिहून टाकला.

हर्षाली थांबली. टेप गळ्यातच.

"मी असं करते?" ज्योत्स्नाताई म्हणाल्या.

"प्रत्येकीला. चेअरमनकाकूंचा तर टेरिकॉटचा आटला म्हणालीस. टेरिकॉट कधी आटतो का?"

"त्यांना काय सांगू मग? आल्या होत्या बिचाऱ्या डोळ्यांत पाणी घेऊन."

"तेच तर."

"आणि ती पोरं हसतात?"

"खूप."

"माझ्यावर?"

"तुझ्यावर पण. काकूंवर पण. टेरिकॉटवर सगळ्यात जास्त." हर्षाली टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या आईनं साडी नेसायची सोडलीय. जुनी ब्लाउज होत नाहीत आणि नवं माप द्यायची लाज वाटते. ती मला म्हणाली, माझ्या आईला तुझ्या आईकडं पाठवते, म्हणजे तिचे पण कपडे आटतील."

ज्योत्स्नाताईंनी पदरानं नाक पुसलं. मग त्यांचा हात आपोआप फोनकडं गेला. "पुन्हा कर एकदा. थांब, रेकॉर्ड करते. निलूला पाठवते. मंगलाताईंना..."

"आई."

हात थांबला. फोन मशीनवर पालथा झाला.

हर्षालीनं आपला फोन काढला, अंगठा कुठं कुठं फिरवला. "घालू का तुला यादीत? आत्ता घालते."

ज्योत्स्नाताईंनी खरोखर विचार केला. इतका की हर्षालीला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "मला दिसलं की मी कुणाला तरी दाखवणारच. माझा मला भरवसा नाही. तू आपली इथंच करत जा. मी बाह्या टाचेन, तू कर."

"आणि तुझा हा गुलाब?"

गुलाब काढून टाकायला तयार होण्याआधी त्यांनी एकदा हजेरी मात्र पाहिलीच. एवढ्या लोकांनी त्यांचं एकही ब्लाउज पाहिलं नव्हतं. त्यांनी सुस्कारा टाकला आणि दार, गुलाब, कडी, सगळं पुसून टाकलं. दत्ताचा फोटो ठेवायचा राहून गेला होता, तो ठेवला.

"पण आता सगळे विचारणार, कुणासाठी होता," हर्षाली म्हणाली. "लंकामावशी काय म्हणाल्या?"

"लंकाबाई?" ज्योत्स्नाताई उठल्या. त्यांनी उशीचा अभ्रा घेतला, दाराच्या उंबऱ्यावर जाऊन बसल्या, अभ्रा मांडीवर घेऊन त्यावर दोन्ही हात ठेवले. त्यांचे खांदे खाली आले. हनुवटीखाली नसलेली एक घडी आली. आणि लंकाबाईंच्या घशातला तो दाटलेला, तरी कुठंतरी बुटीकचा अभिमान बाळगणारा आवाज आला: "ज्योत्स्ना, मी तुला सांगणारच होते गं. तिथं एसी आहे. एक शब्द बोलत नाहीत. आपण उभंच राहायचं, उभंच राहायचं... आणि हे बघ काय केलंय बाहीचं."

हर्षाली आधी आ वासून बघत राहिली. आईला असं काही येतं हे तिला अकरावीपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मग ती मागं कपड्यांच्या ढिगावर कोसळली आणि पोट धरून हसायला लागली.

"हळू," ज्योत्स्नाताई लंकाबाईंच्याच आवाजात म्हणाल्या, "पैठणीवर पडलीस तू."